घुबडाचं नाणं आणि त्याची पारख

(सामुदायिक रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



गटाच्या बैठकीत कुणी पाचशेची नोट पुढे केली की आपली खजिनदार काय करते? नोट बोटांनी चाचपते, उजेडाकडे धरते, आतला गांधीजींचा चेहरा दिसतो का ते पाहते आणि मगच वहीत नोंद करते. देणारीला त्याचा राग येत नाही, कारण सगळ्यांच्याच नोटा तशा पाहिल्या जातात. पारख सगळ्यांची सारखी आणि सगळ्यांसमोर झाली की त्यात कुणाचा अपमान राहत नाही.

आज मी तुम्हाला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीस देशात नेणार आहे. तिथल्या चांदीच्या नाण्यांबद्दल आणि खोटी नाणी ओळखण्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आपल्या तोंडातच आहे. ‘दाम’ हा शब्द आपण रोज वापरतो. दामदुप्पट म्हणतो, फुटका छदाम म्हणतो. ग्रीक लोक त्यांच्या चांदीच्या नाण्याला ‘ड्रॅक्मा’ म्हणत. त्याचं आपल्याकडे ‘द्रम्म’ झालं आणि द्रम्मचं पुढे ‘दाम’ झालं. दुसरा संबंध जास्त गरजेचा आहे. ‘तुमच्याकडचं जुनं नाणं लाखाला घेतो’ असे फोन आता गावोगाव येतात. जुन्या नाण्याची पारख कशी होते हे ज्या बाईला ठाऊक आहे, तिला असं कुणी सहजी फसवू शकत नाही.

तर आधी नाणं पाहू या.

जुन्या ग्रीसमध्ये एक देश, एक राजा असा प्रकार नव्हता. प्रत्येक मोठ्या नगराचं वेगळं राज्य आणि वेगळं नाणं. त्यात सर्वांत नावाजलेलं नाणं अथेन्स नगराचं. एका बाजूला त्या नगराची देवी अथीना, डोक्यावर शिरस्त्राण घातलेली. दुसऱ्या बाजूला तिचं घुबड, टक लावून आपल्याकडे पाहणारं. घुबडाच्या मागे ऑलिव्हच्या झाडाची डहाळी आणि बारीकशी चंद्रकोर, पुढे नगराच्या नावाची तीन अक्षरं. आपल्याकडे घुबड दिसलं की बऱ्याच जणी तोंड फिरवतात. तिकडे ते शहाणपणाच्या देवीचं पाखरू. लोक नाण्यालाच ‘घुबड’ म्हणायचे. आजही ग्रीस देशाच्या एक युरोच्या नाण्यावर ते जुनं घुबड आहे.

मोठं नाणं चार ड्रॅक्मांचं असे. वजन साधारण १७.२ ग्रॅम, म्हणजे दीड तोळ्याला थोडं कमी. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या शेवटी कुशल कारागिराची दिवसाची मजुरी एक ड्रॅक्मा होती. म्हणजे एक मोठं घुबड हातात आलं की चार दिवसांचे कष्ट हातात आले. ते खोटं निघालं, तर चार दिवस फुकट गेले.

ही चांदी यायची अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतून. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तिथे चांदीचा मोठा साठा लागला. काहींचं म्हणणं होतं की ती नागरिकांत वाटून टाकावी. थेमिस्टोक्लीझ नावाच्या पुढाऱ्याने लोकांना पटवलं की वाटू नका, जहाजं बांधा. जहाजं बांधली आणि तीनच वर्षांनी, इ. स. पू. ४८० मध्ये, सॅलॅमिसच्या समुद्रात इराणच्या सम्राटाच्या आरमाराला अथेन्सने आणि त्याच्या सोबत्यांनी हरवलं. आलेला पैसा वाटून खायचा की कामाला लावायचा, हा वाद आपल्या गटांतही होतो. फक्त एक गोष्ट विसरायची नाही. ती चांदी अंधाऱ्या, अरुंद बोगद्यांत उतरून गुलाम खणत होते. घुबडाच्या चकचकाटामागे त्यांचा घाम आहे.

आता खोट्या नाण्यांकडे येऊ. नाण्याचा जन्म झाला आणि त्याच्या पाठोपाठ खोट्या नाण्याचाही झाला. त्या काळची लबाडी अशी: तांब्याची चकती घ्यायची, तिच्यावर चांदीचा पातळ पत्रा गुंडाळायचा, तापवून तो चिकटवायचा आणि वर ठसा मारायचा. वरून बघाल तर लख्ख चांदी, आत तांबं. आपण ज्याला मुलामा म्हणतो तेच. घेणारा हुशार असेल तर तो छिन्नीने नाण्यावर खोल घाव घालायचा. आत पांढरं निघालं तर चांदी, तांबूस निघालं तर लबाडी. म्हणून आज संग्रहालयांत ठेवलेल्या कितीतरी घुबडांच्या अंगावर असे घाव दिसतात. कुणा व्यापाऱ्याने ‘दाखव बघू आत काय आहे’ असं विचारलेलं आहे, त्याची ती खूण.

पण एकदा असं झालं की खुद्द सरकारनेच मुलाम्याची नाणी काढली. अथेन्स आणि स्पार्टा यांचं लढाईचं वैर सत्तावीस वर्षं चाललं. त्यात इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या फौजेने अथेन्सच्या मुलखात कायमचा तळ ठोकला. वीस हजारांहून जास्त गुलाम पळून गेले आणि खाणी बसल्या. तिजोरी रिकामी झाली. देवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली आणि इ. स. पू. ४०६ च्या सुमारास चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नाणी बाजारात आणली. लोकांनी काय केलं असेल? जुनी चांगली घुबडं घरात दडवली आणि नवी हलकी नाणी खर्चाला काढली. कुणीही हेच करेल.

पुढे ही तांब्याची नाणी रद्द झाली. त्या दिवसाची एक गोष्ट अ‍ॅरिस्टोफेनीस या नाटककाराने सांगितली आहे. ज्या नाटकात ती येते, त्यात अथेन्सच्या बायका खोट्या दाढ्या लावून सभेत शिरतात आणि राज्यकारभार आपल्या हातात घेतात. त्यातला एक माणूस सांगतो की त्याने द्राक्षं विकली, आलेली तांब्याची नाणी गालात भरली आणि जवाचं पीठ घ्यायला गेला. त्या काळी सुटे पैसे तोंडात ठेवायची पद्धत होती. पिठासाठी पिशवी उघडून धरली, तोच दवंडीवाला ओरडला की आजपासून तांबं कुणी घेऊ नये, फक्त चांदी चालेल. बिचारा तोंडात पैसे घेऊन तसाच उभा. प्रेक्षक हसले असतील. पण आपल्याला २०१६ मधला नोव्हेंबर महिना आठवतो, डब्यातल्या पाचशे-हजाराच्या नोटा आठवतात, आणि त्या माणसाचं तोंड डोळ्यांपुढे येतं.

अशा अनुभवातून गेलेल्या त्या नगराने पुढे एक चांगली गोष्ट केली. इ. स. पू. ३७५ च्या सुमारास निकोफोन नावाच्या माणसाने मांडलेला एक कायदा तिथे झाला. तो संगमरवरी शिळेवर कोरलेला होता. ती शिळा १९७० मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात सापडली, म्हणून आपल्याला तो कायदा वाचता येतो.

कायदा असा. बाजारात, पैसे बदलून देणाऱ्यांच्या मेजांमध्ये, सरकारने नेमलेला एक पारखी रोज बसेल. कुणीही नाणं आणावं, त्याने ते तपासावं. नाणं खरं असेल तर आणणाऱ्याला परत द्यावं. आत तांबं असेल, शिसं असेल किंवा नाणं बनावट असेल, तर तिथल्या तिथे आडवा घाव घालून ते दोन तुकडे करावं. ते तुकडे देवांच्या आईला वाहिलेले समजावेत, म्हणजे ते पुन्हा बाजारात फिरायला नकोत. पारखलेलं खरं नाणं घ्यायला एखादा दुकानदार नाही म्हणाला, तर त्याचा त्या दिवशीचा विकायला आणलेला माल जप्त. आणि बाजारात एक पारखी पुरत नाही, म्हणून पिरियस बंदरातही जहाजवाल्यांसाठी दुसरा पारखी. जो पारखी जागेवर बसणार नाही किंवा नियमाप्रमाणे तपासणार नाही, त्याला पन्नास फटके. कारण तो पारखी स्वतः सरकारी गुलाम होता. साऱ्या नगराचा पैसा ज्याच्या नजरेवर चालायचा, त्याला स्वतःची मालकी नव्हती. ही त्या नगराची दुसरी बाजू.

आपल्या मुलखात हेच काम पोतदार करायचे. नाण्याचं वजन पाहायचं, कस पाहायचा आणि खरं-खोटं सांगायचं. आज पोतदार हे आडनाव उरलं आहे, पण त्या नावात ती जबाबदारी दडलेली आहे.

अथेन्सच्या त्या बाजारात भाकऱ्या विकणाऱ्या बायकाही बसायच्या. तिथल्या कायद्याने बाईला एका मापाच्या जवापेक्षा जास्त किमतीचा व्यवहार स्वतःच्या नावावर करता येत नव्हता. माप म्हणजे साधारण पन्नास लिटरचं. म्हणजे मोठे सौदे पुरुषांचे, किरकोळ विक्री बायकांची. मला वाटतं, खोट्या नाण्याचा घाव सगळ्यांत खोल अशाच ठिकाणी बसतो. मोठा व्यापारी दहा नाण्यांत एक खोटं सोसतो. टोपली घेऊन बसलेलीचं एक नाणं गेलं तर तिचा दिवस जातो. म्हणून बाजारात, सगळ्यांसमोर, फुकट पारख करून देणारा माणूस बसवणं हे गरिबाच्या फायद्याचं होतं.

आता आजचं बोलू. ही ग्रीक नाणी आता जगभर जमवली जातात. त्यांना किंमत येते, आणि जिथे किंमत आली तिथे नक्कल आली. फक्त लबाडी बदलली. पूर्वी चांदीच्या जागी तांबं देत. आता चांदीच देतात, पण कालची चांदी अडीच हजार वर्षांची म्हणून देतात.

ही नक्कल कशी ओळखतात ते समजायचं असेल, तर खरं नाणं कसं पाडत हे आधी समजलं पाहिजे. कारागीर चांदीची जाडसर चकती करायचा. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर देवी. वरचा ठसा हातात, त्यावर घुबड. मध्ये तापवलेली चकती ठेवायची आणि वरून घण मारायचा. हाताचं काम. म्हणून देवीचं शिरस्त्राण कधी अर्धं चकतीबाहेर जातं, कधी घुबड एका अंगाला सरकतं, कधी जोराने कडेला चीर पडते. एकाच ठशाची दोन नाणीसुद्धा हुबेहूब सारखी नसतात. एकाच बाईने थापलेल्या दोन भाकऱ्या सारख्या असतात का? तसंच.

नक्कल करणारे दोन प्रकारचे. एक ओतणारे. खरं नाणं घेऊन त्याचा साचा करायचा आणि त्यात चांदी ओतायची. हे स्वस्तातलं काम. दुसरे नवा ठसा कोरून खरोखरच नाणं पाडणारे. हे कसबी लोक. जर्मनीत कार्ल बेकर म्हणून एक होता, जन्म १७७२, मृत्यू १८३०. त्याने तीनशेहून जास्त जुन्या नाण्यांचे ठसे स्वतः कोरले. नवं नाणं जुनं दिसावं म्हणून तो ती नाणी लोखंडाच्या तेलकट किसाबरोबर पेटीत भरायचा आणि पेटी घोडागाडीला बांधून फिरायला जायचा. रस्त्याच्या हिसक्यांनी नाणी झिजायची. मोठमोठे जाणकार त्याला फसले. गंमत अशी की आज खुद्द बेकरची खोटी नाणीही लोक जमवतात, बेकरची म्हणून.

मग पारख करायची कशी? जाणकार ज्या क्रमाने जातात तो सांगते.

पहिलं वजन. मोठं घुबड १७.२ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. झिजून थोडं कमी होईल. त्याच आकाराचं, आत तांबं असलेलं नाणं पंधरा ग्रॅमच्या आसपासच भरेल, कारण तांबं चांदीपेक्षा हलकं असतं.

दुसरं पाणी. ही युक्ती आर्किमिडीझच्या नावावर आहे. तो सिराक्यूज या ग्रीक नगरातला. तिथली चांदीची नाणी तर इतकी देखणी की काही कारागिरांनी ठशावर आपली नावं कोरली. गोष्ट अशी सांगतात की राजाला मुकुटात भेसळीचा संशय होता आणि आर्किमिडीझला अंघोळीच्या टाकीत उतरताना उपाय सुचला. हा उपाय आपल्यालाही करता येतो, म्हणून नीट ऐका. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा लागेल. आधी नाण्याचं वजन लिहून ठेवायचं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा आणि आकडा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं अधांतरी धरायचं. तळाला, काठाला लागू द्यायचं नाही. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. शुद्ध चांदी असेल तर उत्तर साडेदहाच्या आसपास येतं, तांब्याचं नऊच्या जवळ. दहा ग्रॅमचं दिवाळीतलं लक्ष्मीचं नाणं शुद्ध चांदीचं असेल, तर पाण्यात काटा ०.९५ च्या आसपास दाखवेल. १.१० च्या वर गेला, तर सराफाला विचारायला हवं. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरती चांदी आहे. ती धातूच तांबं, निकेल आणि जस्त यांची आहे. ही युक्ती भरीव नाण्याला चालते. पोकळ पैंजणात, घुंगरांत हवा अडकते, तिथे चालत नाही.

तिसरी कड. लोक नाण्याचं तोंड पाहतात, जाणकार कड पाहतो. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याच्या दोन भागांची शिवण असते, किंवा ती घासून काढल्याचे ओरखडे असतात. मुलाम्याचं नाणं आधी कडेलाच उलगडतं आणि आतला तांबूस किंवा हिरवट रंग दिसतो.

चौथं अंग. भिंगातून पाहिलं की ओतीव नाण्यावर बारीक छिद्रं दिसतात, आणि रेघा मऊ, विरघळल्यासारख्या दिसतात. घणाने पाडलेल्या नाण्याच्या रेघा झिजल्या तरी मुळाशी ठसठशीत असतात.

पाचवं जुळं. दोन नाण्यांवर घुबड तितकंच सरकलेलं, चीर त्याच जागी, ओरखडाही तोच, असं दिसलं तर दोन्ही एका साच्यातून निघालेली. निदान एक तरी खोटं, बहुधा दोन्ही.

दोन गोष्टींवर मात्र विसंबू नका. पहिली, आवाज. आपण ‘खणखणीत नाणं’ म्हणतो, पण चांदी शेकडो वर्षं मातीत राहिली की आतून ठिसूळ होते. खरं जुनं नाणं कधी कधी अगदी बद्द वाजतं आणि खोटं खणखणतं. दुसरी, काळेपणा. गंधकाने चांदी बघता बघता काळी पडते. उकडलेल्या अंड्याच्या बलकानेही पडते. काळं म्हणजे जुनं, असं नाही. लोहचुंबकाचंही तसंच. नाणं चुंबकाला चिकटलं तर ते चांदीचं नाही हे नक्की. पण चिकटलं नाही म्हणून चांदी ठरत नाही, तांबंही चिकटत नाही. तपासणीत नापास झालेलं नाणं खोटं, हे खरं. पण एका तपासणीत पास झालं म्हणून ते खरं ठरत नाही.

आणि सहावी, माझ्या मते सगळ्यांत मोठी तपासणी. हे नाणं आलं कुठून? कुणाच्या हातून, कधी, कुठल्या गावच्या मातीतून? धातू बोलत नाही, लबाड माणूस गोड बोलतो. कागद आणि साक्षीदार मागितले की गोड बोलणं आटतं.

२०१२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये काय झालं पाहा. अमेरिकेतले एक नामवंत शल्यचिकित्सक, नाण्यांचे जाणकार संग्राहक, एका मोठ्या हॉटेलात नाण्यांच्या मेळ्यात विक्रीसाठी आले होते. त्यांच्याकडची तीन ग्रीक नाणी सिसिली बेटावरून अलीकडेच चोरून खणून आणलेली आहेत, असं त्यांनी स्वतःच सांगितलेलं होतं. पोलिसांनी अटक केली. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळलं की तिन्ही नाणी बनावट. चोरीचा माल म्हणून घेतलेला मालही खोटा! त्यांनी गुन्हा कबूल केला. दंड झाला, समाजसेवेची शिक्षा झाली आणि नाणी कुठून येतात हे न पाहता होणाऱ्या व्यवहारांबद्दल लेख लिहायची अटही पडली. ज्याला नाण्याचं तोंड वाचता येत होतं, त्याने नाण्याचा माग विचारला नाही. चोरून खणलेल्या मालाचा कागद नसतो, आणि कागद नसलेल्या वाटेनेच खोटा माल आत शिरतो.

आता आपल्या मातीत येऊ. ग्रीकांना आपण यवन म्हणायचो. कार्ल्याच्या लेण्यांत खांब दान करणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय की भडोचच्या बाजारात ग्रीक अक्षरांची जुनी ड्रॅक्मा नाणी अजून चालतात. त्यांवर जे राजे होते त्यांतला एक मिनँडर, म्हणजे आपला राजा मिलिंद. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचंच नाव दिलं.

आणि नाशिक जिल्ह्यातलं जोगलटेंभी गाव. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. ती नहपान या क्षत्रप राजाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला आपली जुनी ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक नाण्यांचीच ही पुढची पिढी. पण खरी बातमी पुढे आहे. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा खाली, सातवाहनांचा छाप वर. आईचं नाव लावणाऱ्या राजाने नहपानाला हरवलं, याचा तो धातूतला पुरावा. त्याच विजयाचं वर्णन त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यांत कोरून घेतलं आहे. शिळा जे बोलते त्याला नाण्यांनी साक्ष दिली.

समजा, ती नाणी सापडल्या दिवशीच कुणी सोनाराकडे नेऊन आटवली असती, तर? चांदी मिळाली असती काही किलो. साक्ष कायमची गेली असती.

म्हणून आता कामाच्या चार गोष्टी सांगते. वहीत टिपून घ्या.

शेत नांगरताना, विहीर किंवा पाया खणताना जुनी नाणी सापडली, तर ती धुऊ नका. चिंच, राख, टूथपेस्ट काही लावू नका. घासलं की अक्षरं जातात आणि किंमतही जाते. वाटूनही घेऊ नका. सगळी एकत्र राहिली तरच त्यांची गोष्ट कळते. मडक्यात असतील तर मडक्यासकट ठेवा.

जमिनीत सापडलेल्या अशा धनासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. ते दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तलाठ्यामार्फत, पोलिसपाटलामार्फत सुरुवात करा, पण पोच घ्या. लपवणं हा गुन्हा आहे. कळवलं की सगळं जातं असं नाही. सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा कायद्याने मानलेला आहे. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीच्या अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. ‘परदेशात गिऱ्हाईक आहे’ असं कुणी म्हणालं, की तिथेच उठायचं.

‘जुनं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर तो ठकाचा समजा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कधीही कर किंवा दलाली मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर, तितका बरा.

आणि चौथी, चांदी घ्याल तेव्हा पावती घ्या. त्यावर वजन आणि शुद्धता लिहून घ्या. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. गटात पाच जणींनी मिळून एक छोटा काटा घेतला, तर पाण्याची तपासणी घरच्या घरी होते. ती गुपचूप करू नका. बैठकीत, सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या चांदीची करा. अथेन्सने पारख्याला भर बाजारात बसवलं ते याच कारणासाठी.

कधी त्र्यंबकेश्वरला गेलात तर वाटेवरच्या अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. मुलींना बरोबर न्या. भिंगातून एक जुनं नाणं पाहायला द्या. आणि त्यांना आधी नाण्याची कड पाहायला शिकवा, मग राजाचं तोंड.

आज इथेच थांबते.